गाईडमध्ये नसलेली कविता

'कवी आपल्याला फार सुंदर मसाज देतो,' असं नववीच्या ४१ मुलांनी लिहिलं होतं.

पहिल्या दोन-तीन पेपरांना मी हसले. दहाव्या पेपराला हसू गेलं. घटक चाचणीत कवितेचं रसग्रहण विचारलं होतं. बाजारात मिळणाऱ्या एका गाईडमध्ये 'मेसेज'चं स्पेलिंग छापताना एक अक्षर चुकलं होतं, आणि ती चूक जशीच्या तशी माझ्या वर्गाच्या उत्तरपत्रिकांत उतरली होती. मुलांनी पाठांतर अगदी प्रामाणिकपणे केलं होतं. त्यांतल्या एकालाही आपण काय लिहितोय याचा पत्ता नव्हता, आणि तो पत्ता मी कधी विचारलाही नव्हता.

मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. नववीच्या दोन्ही तुकड्या आणि दहावीची एक माझ्याकडे असते. दहावीच्या पेपरात रसग्रहणाला पाच गुण. शीर्षकाला अर्धा, कवीच्या नावाला अर्धा, यमकरचनेला एक, अलंकाराला एक आणि मध्यवर्ती कल्पनेला दोन. म्हणजे कविता न समजताही तीन गुण खिशात, आणि उरलेले दोन गाईडकडून. परीक्षेला नावं ठेवून मोकळं होणं सोपं होतं. पण नववीचा पेपर तर मीच काढते, तोही मी तसाच काढला होता.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझी जुनी पाठ टाचणाची, म्हणजे तासाच्या नियोजनाची, वही काढून बसले. ही वही दर सोमवारी मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाते आणि 'पाहिले' असा शेरा घेऊन परत येते. बी.एड.ला शिकवलेल्या पायऱ्या तिच्यात शिस्तीत मांडलेल्या: प्रस्तावना, हेतुकथन, विषय प्रतिपादन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. या पायऱ्या हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाच्या नावावर आपल्याकडे चालतात. तो १८४१ साली वारला. त्याने स्वतः चारच पायऱ्या सांगितल्या होत्या, पाच त्याच्या शिष्यांनी केल्या, आणि आपण त्याला गृहपाठ जोडला. वही वाचताना एक गोष्ट खटकत गेली. प्रत्येक वाक्याचा कर्ता मी होते. शिक्षिका चित्र दाखवेल, शिक्षिका कविता वाचेल, शिक्षिका अर्थ स्पष्ट करेल. मुलांच्या रकान्यात पानोपानी एकच ओळ होती, 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील.' खरं सांगायचं तर बरीचशी पानं आदल्या वर्षीच्या वहीवरून तारखा बदलून उतरवलेली होती.

मग हिशेब केला. आठवड्याला सहा तास, प्रत्येकी ३५ मिनिटांचे. जून ते दिवाळी साधारण १८ आठवडे, म्हणजे १०८ तास. त्यातून पोळा, गौरी-गणपती, दसरा, चाचणी, सत्र परीक्षा, पंधरा ऑगस्टची कवायत, क्रीडा स्पर्धा आणि निवडणुकीच्या याद्यांचं काम वजा केलं तेव्हा हातात ७४ राहिले. त्या ३५ मिनिटांतही हजेरी, खडू शोधणं, आधीच्या तासाचा फळा पुसणं यात सात-आठ मिनिटं जातात. एवढ्यात पुस्तकातले सगळे पाठ, व्याकरण आणि लेखनकौशल्य बसवायचं. यापूर्वी मी असा हिशेब कधीच केला नव्हता, आणि म्हणूनच लेखन नेहमी शेवटच्या आठवड्यात, 'हा नमुना उतरवून घ्या' असं म्हणून उरकलं जायचं.

मी ठरवलं ते एवढंच, की प्रत्येक सत्रात एक कविता पाठ्यपुस्तकाबाहेरची घ्यायची. बाहेरची म्हणजे गाईडमध्ये नसलेली. तिच्यासाठी सहा तास राखून ठेवायचे आणि त्यातच लेखनही करून घ्यायचं, म्हणजे साहित्य वेगळं आणि लेखन वेगळं असा दोनदा खर्च होणार नाही.

कविता निवडायला मात्र तीन आठवडे गेले. पिवळ्या फुलांची सुप्रसिद्ध कविता, वर्ड्सवर्थची 'डॅफोडिल्स', आधी बाजूला ठेवली. ती आम्हालाही लहानपणी कोरडीच गेली होती. मला हवी होती ती छोटी, सोप्या शब्दांची, जिच्यात काहीतरी घडतं आणि काहीतरी सांगायचं राहूनही जातं. शेवटी रॉबर्ट फ्रॉस्टच्या 'स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग'वर येऊन थांबले. एक माणूस बर्फ पडत असताना घोडागाडीने चाललेला असतो, कुणाच्या तरी रानापाशी थांबतो, घोडा घुंगरं वाजवतो, माणूस थोडा वेळ बघतो, आणि पुष्कळ लांब जायचंय म्हणून निघतो. बस. सोळा ओळी, चार कडवी. शब्द बहुतेक एका उच्चारात संपणारे. समजावून सांगावे लागतील असे फार तर पाच-सहा.

ही कविता फ्रॉस्टने १९२२च्या जूनमध्ये लिहिली, रात्रभर जागून एका दीर्घ कवितेवर काम केल्यानंतर. ऐन उन्हाळ्यात त्याला बर्फ सुचला, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटलं. आमच्याकडच्या जूनमध्ये सुचतात ती फक्त पाण्याची टँकरं.

नववी 'अ'ला मी ती आधी घेतली आणि ती पार फसली.

फसली कारण मी वही बदलली, पण सवय बदलली नाही. मला वाटलं, मुलांनी बर्फ पाहिलेला नाही, तेव्हा आधी बर्फ दाखवायला हवा. मोबाइलवर फोटो घेऊन गेले आणि बाकाबाकांतून फिरवले. एकाने विचारलं, 'मॅडम, तुम्ही गेलाव का तिकडं?' दुसऱ्याचा मामा सैन्यात, तो कारगिलला होता. मग सियाचीन आलं, मग फ्रीजमधला बर्फ आणि बर्फाचा गोळा. घंटा झाली तेव्हा कवितेतला माणूस अजून गाडीत बसायचा होता. दुसऱ्या दिवशी मी एकेका ओळीचा अर्थ मराठीत सांगितला, मुलांनी पेन्सिलने ओळींच्या वर लिहून घेतला, आणि तिसऱ्या दिवशी माझ्याच तोंडचे शब्द वह्यांमधून परत आले. गाईड नव्हतं म्हणून मीच गाईड झाले होते.

'ब'ची पाळी पुढच्या आठवड्यात होती. रविवारी दुपारी मी टाचण पुन्हा लिहायला घेतलं, या वेळी साध्या शंभर पानी वहीत, ऑफिसात जाणार नाही अशा. पानाच्या वर एकच प्रश्न लिहिला: तो का थांबला आणि का निघाला? त्याखाली पहिल्या तासाला मी काय काय करणार नाही याची यादी केली. अर्थ सांगायचा नाही. बर्फाचा फोटो नाही. कवीचं चरित्र नाही. कविता तीनदा वाचायची, दर वेळी जरा सावकाश, आणि मग विचारायचं, यात कोण कोण आहे? उत्तरं मराठीत चालतील. हे शेवटचं लिहिताना हात अडखळला. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोलायचं, हे आम्हाला प्रशिक्षणात इतक्यांदा सांगितलंय की वर्गात मराठी बोलताना अजूनही दाराकडे नजर जाते.

तीन वाचनं झाली. कोण कोण आहे? माणूस. घोडा. आणि? एका मुलीने सांगितलं, 'रानाचा मालक. पण तो गावात राहतो, इथं नाही.' मी खूश झाले, कारण 'अ'मध्ये हा मालक कुणाच्याच लक्षात आला नव्हता. लगेच दुसरी म्हणाली, 'मालक दिसंना म्हणूनच थांबलाय तो. दुसऱ्याच्या रानापाशी रातीचं कशाला थांबंल कुनी?'

इथे एक गंमत झाली होती, ती माझ्या ध्यानात यायला मिनिटभर लागलं. 'वुड्स'ला मी रान म्हटलं होतं. आमच्याकडे रान म्हणजे शेत. 'रानात गेलाय' म्हणजे शेतावर गेलाय. त्यामुळे वर्गाच्या डोळ्यांपुढे एक माणूस रात्री दुसऱ्याच्या शेताच्या बांधाला गाडी लावून उभा होता. चारा कापायला थांबलाय का? ऊस मोडायला? की पाण्याची पाळी आहे? मी दुरुस्ती करणार होते, तोंड उघडलंही होतं. मग म्हटलं राहू दे उद्यापर्यंत. कारण मालकाच्या भीतीने का होईना, 'तो का थांबला' हा माझ्या पानावरचा प्रश्न वर्गाने मी न विचारता उचलला होता. आणि कवितेत ती धाकधूक आहेच की. आपल्याला कुणी पाहत नाही ना, हे तो माणूस पहिल्याच कडव्यात स्वतःशी बोलतो.

मग घोड्याच्या घुंगरांची ओळ आली. घोडा मान का हलवतो, असं विचारलं. शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगा बसायचा. जूनपासून त्याचा आवाज मी हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. तो बसल्या जागेवरून बोलला, 'बैल इचारायलाय, काहून थांबलाव म्हनून.'

वर्ग हसला. घोड्याचा बैल केला म्हणून. मी त्याला उभं केलं आणि सांग म्हटलं.

त्याचे आई-बाप ऊसतोडीला, गाडी सेंटरवर, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या मजुरांत. तोही लहानपणापासून हंगामात बरोबर जायचा. रात्री उसाची गाडी भरून कारखान्याकडे निघायचं. बाप पुढे बसून पेंगतो, बैलांना वाट पाठ असते. मध्येच कुठे बाप उतरला की बैल थांबतात, थोडा वेळ वाट बघतात, मग मान हलवतात. घुंगरमाळ वाजते. 'तेंला माहीत असतं ना, कारखाना आला न्हाई अजून. मंग इथं कशाला?' थंडी असते. बैलांच्या नाकातून वाफ निघते. उसाच्या फडातून वारं आलं की पाचटाचा आवाज येतो, बाकी काहीच नाही. 'आन बापाला झोपायचं असतंय, पन गाडी खाली केल्याबिगर झोपता येत न्हाई.'

'झोपण्याआधी पुष्कळ लांब जायचंय' या शेवटच्या दोन ओळी एकसारख्या का आहेत, हे त्या दिवशी मी विचारलंच नाही. त्या ओळींवर मी बी.ए.ला आठ गुणांचं उत्तर लिहिलं होतं, मृत्यूचं प्रतीक वगैरे. या मुलाने प्रतीक सोडून दिलं आणि झोप ठेवली. टाचणात घुंगरांना सात मिनिटं होती. सगळा तास त्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी रान आणि जंगल यांचा घोळ मिटवला. मग यमकं. यमकरचना एरवी मी फळ्यावर ए-ए-बी-बी अशी अक्षरं मांडून सांगते आणि मुलं ती फोन नंबरासारखी पाठ करतात. या कवितेत पहिल्या कडव्याची तिसरी ओळ एकटी पडते, आणि तिचंच यमक पुढचं कडवं उचलतं. त्यातलीही तिसरी एकटी, ती त्याच्या पुढच्याने उचलायची. एक मुलगी म्हणाली, 'अंताक्षरीच की!' मी वीस मिनिटं राखून ठेवली होती, पाचांत काम झालं. शेवटच्या कडव्यात चारही ओळींना एकच यमक आहे, म्हणजे पुढच्याला द्यायला अक्षरच उरत नाही, हेही त्यांनीच शोधलं.

तिसऱ्या तासाला लेखन. 'एकदा मी थांबले' किंवा 'थांबलो', सहा वाक्यं, कच्च्या वहीत. आधी शेजारच्याला मराठीत सांगायचं, मग अडेल तो शब्द मला विचारायचा. मी तो फळ्यावर लिहीन, वाक्य मात्र सांगणार नाही. फळा भरत गेला. ऑक्स, यार्ड, लोड, बंड, पंक्चर. एकाने दहिवराला काय म्हणतात विचारलं. ड्यू, मी लिहिलं. आणि थंडीने गोठलेल्या दहिवराला फ्रॉस्ट. 'म्हणजे कवीचं आडनाव दहिवरे,' मागून आवाज आला.

त्या बैलवाल्या मुलाचा पहिला खर्डा माझ्याकडे मोबाइलवर आहे. 'माय फादर स्टॉप द कार्ट. टू ऑक्स इज स्टँड. ही शेक द बेल. नाइट इज कोल्ड. आय से, पप्पा, चला. नो बडी इज देअर.' सहा वाक्यांत सात चुका. पूर्वी मी त्या सातही लाल शाईने गोल केल्या असत्या.

इथे पुन्हा हिशेब कामाला आला. दोन तुकड्यांचे ११२ खर्डे, प्रत्येकी तीन मिनिटं धरली तर साडेपाच तासांच्या वर. ते मी एकदा करीन, दुसऱ्यांदा कधीच करणार नाही, आणि एका खर्ड्यावर कुणी लिहायला शिकत नाही. म्हणून टाचणात लिहून ठेवलं: या वेळी फक्त भूतकाळ. बाकी चुकांकडे डोळेझाक. चुकलेल्या क्रियापदाखाली नुसती रेघ, बरोबर रूप मुलांनी शोधायचं. आणि खाली एक प्रश्न, त्या मुलाने काय सांगितलंय त्याबद्दल. त्याच्या खर्ड्याखाली मी विचारलं होतं, 'पप्पा काय म्हणाले?' हे प्रश्न लिहिताना मला खर्डे वाचावे लागले. ऐकायला हे विचित्र वाटेल, पण वह्या तपासणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनेक वर्षं मी पहिलीच करत होते.

एका पालकाने मात्र शाळेत येऊन विचारलं, 'मॅडम, पोराच्या वहीत एवढ्या चुका तशाच कशा?' त्यांचं चुकलं नव्हतं. पहिल्या पानावर तपासण्याची पद्धत मराठीत लिहून पालकांची सही घ्यायला हवी होती. आता घेते.

सगळंच जमलं असं नाही. पाच-पाचांचे गट करून एकमेकांचे खर्डे वाचायचा बेत होता. आमचे बाक लोखंडी, तिघांचे, जागचे हलत नाहीत. मुलगे मुलींच्या बाकाकडे वळायला तयार नाहीत. दहा मिनिटांत एवढा गोंगाट झाला की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. गट मोडले. बाकावरच्या तिघांचा एक गट, यापुढे मी गेले नाही.

पत्रलेखनाचा घटक याच धाग्याने पुढे न्यायचा होता. नमुन्यातला विषय नेहमीचा: एस.टी.च्या आगारप्रमुखांना बस वेळेवर येत नसल्याची तक्रार. मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, आपण खरंच पाठवू. एका मुलीने हात वर केला. 'मॅडम, त्यांना मराठी येत नाही का?' मला उत्तर देता येईना. तालुक्याच्या आगाराला इंग्रजीत तक्रार कोण करतं? ते पत्र आम्ही मराठीत लिहिलं आणि पाठवलं, आणि इंग्रजी पत्राचा तास एक आठवडा पुढे ढकलला. मुलांना एकच काम दिलं, घरात इंग्रजीत छापलेला कुठलाही कागद शोधून आणा. पाण्याच्या मोटारीचं वॉरंटी कार्ड आलं, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, मोबाइलच्या खोक्यातला कागद, बियाण्याच्या पिशवीची चिठ्ठी. वॉरंटी कार्डावर तक्रारीचा पत्ता परराज्यातला होता. तिथे मराठी चालणार नाही हे वर्गाला पटलं. मोटार कधी घेतली, कधी जळाली, बिल जोडलंय, बदलून द्या. मजकूर आपोआप तीन परिच्छेदांत बसला. मायना आणि पत्ता कुठे लिहायचा ते मग पाच मिनिटांचं काम होतं. मत-प्रतिमत या लेखनप्रकारासाठी 'मोबाइल शाप की वरदान' टाळून 'उसाला बैलगाडी बरी की ट्रॅक्टर' घेतलं. त्याबद्दल एवढंच सांगते की ट्रॅक्टरवाल्यांकडे मुद्दे जास्त होते आणि बैलवाल्यांकडे आवाज.

मुख्याध्यापकांना शंभर पानी वहीचा सुगावा ऑक्टोबरात लागला. ते रागावले नाहीत. वही चाळली आणि म्हणाले, 'हे चांगलं आहे हो, पण तपासणीला हे कुठल्या रकान्यात दाखवायचं?' म्हणून आता दोन वह्या चालतात. ऑफिसच्या वहीत शिक्षिका अजून अर्थ स्पष्ट करते.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा 'ब'मध्ये ५४पैकी ३५ मुलं होती. दर वर्षी असंच होतं. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या गाड्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गावं रिकामी करतात. तो मुलगाही गेला. एरवी आजीपाशी राहायचा, पण त्या वर्षी आजी आजारी. मला हे सगळं ठाऊक होतं, तरी वार्षिक नियोजनात दुसरा खर्डा मी दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात टाकला होता. जे वह्यांत पक्कं व्हायला हवं होतं ते उसाच्या फडांवर विखुरलं.

एप्रिलमध्ये तो परत आला. सुट्टीआधीचे शेवटचे दिवस होते. मी विचारलं, 'वही कुठाय?'

'तिकडंच राहिली, मॅडम. चुलीला लावली असंल आईनं.' मग जरा थांबून म्हणाला, 'पप्पा काय म्हणले, ते लिव्हलं होतं मी.'

'काय म्हणाले?'

'झोप, म्हणले.'

यंदा कविता सप्टेंबरात घेतलीय, आणि दोन्ही खर्डे दसऱ्याच्या आत. नंतर कच्च्या वह्या मुलांकडे द्यायच्या नाहीत, वर्गाच्या कपाटात ठेवायच्या, असं शंभर पानी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय. कपाटाला कुलूप नाही. त्याचा अर्ज ऑफिसात दिलाय, मराठीत.